दहाव्या वर्षाचा प्रश्न

घड्याळाच्या दुकानात काचेच्या कपाटावर दोन मनगटी घड्याळे शेजारी शेजारी मांडलेली असतात. पोलादी डबी, निळी तबकडी, पाठीला काच आणि त्या काचेतून दिसणारे हलते मशीन. पाहणाऱ्याला दोन्ही जुळी वाटावीत. एकाच्या तबकडीवर सहाच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘स्विस मेड’ असते, दुसऱ्याच्या माहितीपत्रकात ‘जपानी ऑटोमॅटिक मूव्हमेंट’. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचे अंतर. ‘यातले चांगले कुठले?’ असे गिऱ्हाइकाने विचारले की उत्तरादाखल त्याच्या हाती एका देशाचे नाव ठेवले जाते. स्विस म्हटले की परंपरा, जपानी म्हटले की स्वस्त आणि दणकट, एवढ्यावर बोलणे संपते. हे दोन्ही शिक्के अगदी खोटे नाहीत, पण घड्याळ निवडायला ते फारच तोकडे आहेत. चावीचे किंवा ऑटोमॅटिक घड्याळ घेणारा माणूस एक वस्तू घेतो तशी एक दीर्घकाळची देखभालही अंगावर घेतो. तेल सुकते, चाकांचे टोक झिजते, मशीन कधीतरी उघडावे लागते. म्हणून विकत घेताना विचारायचा खरा प्रश्न दहाव्या वर्षाचा आहे: हे मशीन त्या वेळी कोण उघडेल आणि उघडल्यावर त्याला त्यात काय करता येईल? प्रस्तुत पुस्तकात जपानी आणि स्विस मशीनची तुलना याच प्रश्नाच्या अंगाने केली आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देशाच्या नावावर कमी आणि मशीन बनवण्याच्या रीतीवर जास्त अवलंबून असते, हे दाखवणे हा तिचा हेतू.

नवख्या वाचकासाठी आधी जे समान आहे ते सांगायला हवे. दोन्हीकडे मशीनचा गाभा एकच. डब्यात गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग उलगडत जाते, तिची ताकद चाकांच्या रांगेतून पुढे सरकते आणि शेवटी एस्केपमेंट ती ताकद थेंबाथेंबाने बॅलन्स चक्राला देते. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर ते चक्र मागेपुढे झोके घेते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक त्या झोक्यांची. एस्केपमेंटचा आजचा सर्वत्र रूढ झालेला प्रकार अठराव्या शतकात टॉमस मज नावाच्या इंग्रज कारागिराच्या कल्पनेतून निघाला; तेव्हा मूळ कल्पना या दोघांपैकी कोणाच्याच घरची नाही. सर्वसाधारण स्विस मशीन तासाला २८,८०० झोके घेते, म्हणजे सेकंदाला आठ. स्वस्त जपानी मशीन बहुधा २१,६००, म्हणजे सहा. दिवसाचे सेकंद ८६,४००. आठ सेकंद चुकणारे घड्याळही दहा हजारांत एकाहून कमी चूक करत असते. स्प्रिंग, चाके आणि तेलाचे ठिपके यांच्या भरवशावर चालणाऱ्या यंत्राकडून हा नेमकेपणा मिळतो, हे ध्यानात ठेवले तर पुढे येणाऱ्या ‘अमुक सेकंद चांगले की तमुक’ या वादात माणूस फार तापत नाही.

फरक सुरू होतो तो मशीन बनवणाऱ्यांच्या वस्तीपासून. स्वित्झर्लंडमधली घड्याळविद्या जिनिव्हात रुजली. धर्मसुधारक काल्विनच्या कडक धर्मशासनात दागदागिन्यांवर बंधने आली आणि सोनारांचे हात घड्याळांकडे वळले. १६०१ साली तिथे घड्याळजींचा संघही उभा राहिला. पण या धंद्याला त्याचे खरे रूप दिले ते जुरा डोंगरातल्या खेड्यांनी. तिथल्या लांब हिवाळ्यात एक घर फक्त चाके कापायचे, दुसरे स्क्रू करायचे, तिसरे तबकड्या रंगवायचे, आणि एक व्यापारी हे सारे गोळा करून घड्याळ जुळवायचा. यातून जन्मली ती वाटून घेतलेल्या कामाची पद्धत. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकी कारखान्यांची यंत्रे पाहून झाक दाविद या स्विस अभियंत्याने घरी परतल्यावर धोक्याची घंटा वाजवली, आणि स्विसांनी यंत्रे आणली. पण काम वाटून घेण्याची सवय सोडली नाही. हेअरस्प्रिंग एकाची, धक्का झेलणारी बैठक दुसऱ्याची, कच्चे मशीन तिसऱ्याचे, तबकडीवरचे नाव चौथ्याचे. शार्ल एदुआर्द गियोम याला १९२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील कामासाठी, आणि तापमानाने फारशी न बदलणारी हेअरस्प्रिंग त्याच संशोधनातून शक्य झाली. असा शोध लागला की तो एका कारखान्याच्या भिंतीआड राहत नसे, साऱ्या धंद्याचा होत असे. एकच मशीन शंभर नावांच्या घड्याळांत धडधडते, ही आज काहींना फसवणूक वाटणारी गोष्ट स्विस धंद्याची मूळ रचनाच आहे. त्यातून गिऱ्हाइकाचा एक मोठा फायदा झाला. जगभरच्या घड्याळजींना ती मशीने तोंडपाठ झाली.

जपानची गोष्ट अगदी वेगळ्या टोकाने सुरू होते. १८७३च्या १ जानेवारीपर्यंत तिथे तासच ठरावीक लांबीचे नव्हते; ऋतूनुसार दिवसाचे आणि रात्रीचे तास लांबत-आखडत, आणि जपानी कारागिरांनी त्या चालीची देखणी घड्याळे घडवली होती. सरकारने नवी कालगणना लागू केली आणि ती विद्या एका रात्रीत निरुपयोगी झाली. पुढे आठ वर्षांनी, १८८१मध्ये, किंतारो हत्तोरी या तरुणाने टोकियोत दुकान थाटले आणि १८९२मध्ये ‘सेइकोशा’ हा कारखाना काढला. त्याच्या शेजारी जुरासारखी खेडी नव्हती. स्क्रू कोण करणार, हेअरस्प्रिंग कोण ओढणार, याचे उत्तर एकच: आपणच. मोठ्या जपानी घड्याळ कंपन्या स्प्रिंगच्या मिश्रधातूपासून तेलापर्यंत बरेच काही स्वतः करतात, त्याचे कारण मला तरी अभिमानापेक्षा या सुरुवातीच्या एकाकीपणात दिसते. १९१८च्या एका संशोधन संस्थेतून वाढलेली ‘सिटिझन’ त्याच वाटेने गेली. जपानी म्हणजे स्विसांची नक्कल, हा आक्षेप आरंभीच्या काळापुरता बरोबर आहे. शिकाऊ धंदा नकलेनेच शिकतो, आणि जुराने इंग्रजांकडून व अमेरिकनांकडून घेतलेले काही कमी नाही. पण १९५९ साली सेइकोने ‘मॅजिक लिव्हर’ आणला. मनगट कुठल्याही दिशेला हलले तरी चावी भरणारी ही युक्ती इतक्या थोड्या भागांत बसते की साठ-पासष्ट वर्षांनंतरही ती त्यांच्या स्वस्त मशीनमध्ये तशीच आहे. १९६४मध्ये न्यूशातेलच्या वेधशाळेतल्या अचूकतेच्या स्पर्धेत सेइकोच्या सर्वोत्तम मनगटी घड्याळाचा क्रमांक १४४वा होता. चार वर्षांनी जिनिव्हात पहिले तीन क्रमांक स्विसांच्या सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ नमुन्यांना मिळाले आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे सगळे सेइकोच्या यांत्रिक घड्याळांना. नक्कल करणाऱ्याच्या हातून हे घडत नाही.

त्यानंतर आलेले १९६९ हे साल घड्याळप्रेमी पोथीतल्या अध्यायासारखे वाचतात. जानेवारीत झेनिथने ‘एल प्रिमेरो’ हे स्वयंचलित क्रोनोग्राफ, म्हणजे थांबघड्याळाची सोय असलेले मशीन, जाहीर केले, मार्चमध्ये दुसऱ्या एका स्विस गटाने आपले स्वयंचलित क्रोनोग्राफ दाखवले, त्याच वर्षी सेइकोचे ‘६१३९’ बाजारात आले, आणि २५ डिसेंबरला सेइकोच्याच क्वार्ट्‌झ ‘अॅस्ट्रॉन’ने या साऱ्या शर्यतीचा अर्थच काढून घेतला. सेलवर चालणारे घड्याळ स्वस्त झाले तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ कामगारांची संख्या १९७०च्या सुमारे नव्वद हजारांवरून दीड दशकात तीस हजारांच्या थोडी वर इतकी घसरली. झेनिथच्या कारखान्यात शार्ल व्हेर्मो याने एल प्रिमेरोची हत्यारे भंगारात न टाकता माळ्यावर लपवली; काही वर्षांनी ते मशीन पुन्हा बनू लागले ते त्या हत्यारांवर. या पडझडीतून दोन देश दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडले, आणि आजच्या किमतींचे कोडे तिथेच सुटते. स्विसांनी यांत्रिक घड्याळ ऐषआरामाच्या कपाटात चढवले. जपान्यांनी ते उंच कपाट बराच काळ रिकामे ठेवले, पण खालच्या फळीवरचे साधे ऑटोमॅटिक बनवणे कधी थांबवले नाही. १९९६चे सेइकोचे ‘७एस२६’ त्याच परंपरेतले. हाताने चावी देता येत नाही, सेकंदकाटा थांबवता येत नाही, पण वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तरी तक्रार न करता चालते. उंच कपाटासाठीचे ‘ग्रँड सेइको’चे यांत्रिक मशीन नव्याने आले ते १९९८मध्ये. दुकानात ठेवलेली ती दोन घड्याळे वेगळ्या दर्जाची दिसतात याचे मोठे कारण असे की ती मुळात वेगळ्या पायऱ्यांवरून उचललेली असतात.

आता त्या मशीनच्या आत उतरू. सेइकोचे ‘एनएच ३५’ आणि स्विसांचे ‘ईटीए २८२४-२’, किंवा त्याचाच जुळा भाऊ म्हणावे असे ‘सेलिटा एसडब्ल्यू २००’, ही बाजारातली नेहमीची जोडी. पहिले ५.३२ मिलिमीटर जाड, दुसरे ४.६. कागदावर पहिल्याची हमी रोज वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी सैल, तर दुसऱ्याची दर्जानुसार बदलणारी: साध्या प्रतीत दोन स्थितींत तपासून सरासरी बारा सेकंदांच्या आत, वरच्या प्रतीत पाच स्थितींत चार सेकंदांच्या आत. रीतीतला फरक इथे उघड होतो. स्विस कारखाना एकच मशीन घेतो आणि त्यावर किती हात फिरवायचा हे ठरवून त्याच्या प्रती पाडतो. हेअरस्प्रिंग बदलली, चक्र बदलले, जुळवणीला जास्त वेळ दिला की तेच मशीन वरच्या इयत्तेत गेले. जपानी कारखाना उलट बाजूने विचार करतो: भाग इतके एकसारखे काढायचे की जुळवायला फार डोके लागू नये, आणि बिघडले तर अख्खे मशीन काढून नवे बसवावे. पहिल्या रीतीत मशीन पुन्हा पुन्हा सुधारण्यासाठी असते, दुसऱ्या रीतीत पुन्हा पुन्हा बदलण्यासाठी. यात श्रेष्ठ-कनिष्ठ नाही. मजुरी महाग असलेल्या देशांत एनएच ३५ दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणे स्वस्त पडते, म्हणून तिथले जाणकार ‘बदला आणि विसरा’ असे सांगतात. आपल्याकडे चांगल्या घड्याळजीची मजुरी तुलनेने कमी असते आणि नवे मशीन आयात किमतीचे. तेव्हा तोच सल्ला जसाच्या तसा उचलला तर हिशेब चुकतो. या विषयावरचे बहुतेक लेखन परदेशी गिऱ्हाइकासाठी असल्याने असे गफलतीचे सल्ले आपल्या वाचकापर्यंत बेधडक येतात.

अचूकतेबद्दल आक्षेप येणारच: आकडे पाहा, स्विस सरस नाहीत का? हमीचा आकडा आणि प्रत्यक्ष चाल या दोन गोष्टी आहेत. हमी म्हणजे याहून वाईट निघाले तर कारखाना जबाबदार, एवढाच करार. एनएच ३५ रोज आठ-दहा सेकंदांत चालताना दिसते ते काही नवल नाही. कुशल हाताने त्याचा वेग जुळवण्याचा काटा नीट लावला तर त्याहूनही कमी. फक्त तसे निघेलच याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, आणि स्विस वरच्या प्रतीत ती घेतलेली असते; जादा पैसे त्या जबाबदारीचे. शिवाय जपानी म्हणजे सैल हा समजही एका पायरीपुरताच. सिटिझन समूहातल्या मियोटाचे ‘९०१५’ सेकंदाला आठ झोक्यांचे, ३.९ मिलिमीटरचे सडपातळ मशीन आहे. स्विस ‘सीओएससी’ या तपासणी संस्थेची परीक्षा पंधरा दिवस, पाच स्थिती, तीन तापमाने आणि रोज चार सेकंद मागे ते सहा पुढे अशी, तर ग्रँड सेइकोची स्वतःची परीक्षा सतरा दिवस, सहा स्थिती आणि तीन मागे ते पाच पुढे. आता यावर कोणी म्हणेल की सीओएससी तटस्थ संस्था आहे आणि ग्रँड सेइको स्वतःचाच परीक्षक. हा मुद्दा रास्त आहे आणि मी तो खोडणार नाही.

‘स्विस मेड’ या शब्दांबद्दल मात्र थोडा संशय बाळगलेला बरा. १ जानेवारी २०१७पासूनच्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला हवा, मशीन स्विस हवे, ते डबीत तिथे बसवलेले आणि अंतिम तपासणी तिथेच झालेली हवी. म्हणजे उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय कुठून आले, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दुसरीकडे ‘जपानी मूव्हमेंट’ हे शब्द घड्याळाच्या बाकी अंगाबद्दल काहीच बोलत नाहीत. एनएच ३५च्या काही मशीनवर तर मलेशियाचा शिक्का आढळतो. मालकीचे नातेही गुंतले आहे. सिटिझनने २०१२मध्ये ‘ला झू-पेरे’ हा स्विस मशीन कारखाना ज्या समूहात होता तो समूहच विकत घेतला आणि २०२१चे आपले ‘०२००’ हे मशीन घडवताना त्या कारखान्याची मदत घेतली. अशा मशीनला कुठल्या देशाचे म्हणायचे?

याहून मोठी गंमत म्हणजे रीतींचीच अदलाबदल झाली आहे. स्वॉच समूहाचे ‘सिस्टेम ५१’ नावाप्रमाणे ५१ भागांचे, यंत्रांनी जुळवलेले आणि बंद डबीत सीलबंद. ते उघडून दुरुस्त करण्याची सोयच नाही. त्याच समूहाचे ‘पॉवरमॅटिक ८०’ जुन्या २८२४च्या घराण्यातले, पण झोके कमी करून ऐंशी तास चालणारे. त्यातला वेग जुळवण्याचा नेहमीचा काटा काढून टाकला असून जुळवणी कारखान्यातच होते, आणि काही आवृत्त्यांत एस्केपमेंटचे भाग प्लास्टिकचे आहेत. तबकडीवर ‘स्विस मेड’ आणि आतली वृत्ती पूर्ण ‘बदला आणि विसरा’ची! उलट, ग्रँड सेइकोचे २०२०चे ‘९एसए५’ हे तासाला ३६,००० झोक्यांचे, नव्या धाटणीच्या एस्केपमेंटचे मशीन निष्णात माणसांच्या हातून जुळवले जाते. ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ तर दोन्ही चौकटींत बसत नाही: ताकद स्प्रिंगची, लगाम क्वार्ट्‌झ स्फटिकाचा, सेल नाही, महिन्याला पंधरा सेकंदांची हमी. ते बिघडले तर पेठेतला कोणताही घड्याळजी हात लावणार नाही. तशीच गत आज बऱ्याच महागड्या स्विस मशीनची, कारण कंपनी सुटे भाग बाहेर देत नाही. ईटीएने २०१०नंतरच्या दशकात बाहेरच्या कंपन्यांना मशीन देणे टप्प्याटप्प्याने कमी केले तेव्हा सेलिटाची चलती झाली, हेही दुरुस्तीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे; सामायिक भांडार एका मालकाच्या मर्जीवर होते, हे तेव्हा कळले.

या विषयाशी मराठी वाचकाचे नाते नवे नाही. वेस्ट एंड आणि फाव्र-ल्यूबा ही स्विस नावे मुंबईच्या बाजारात स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून होती. मग १९६१मध्ये एचएमटीने बंगळूरला सिटिझनच्या सहकार्याने कारखाना काढला, आणि ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळातून जपानी मशीन लग्नात, बढतीत, परीक्षेच्या बक्षिसात मनगटावर आले. ते जपानी आहे याची आठवणही कोणाला राहिली नाही. एचएमटीचे घड्याळ ‘चांगले’ ठरले ते देशाच्या नावाने नाही. तालुक्याच्या गावातही त्याचे ऑइलिंग होत होते आणि सुटे भाग मिळत होते म्हणून. २०१६मध्ये ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला, आणि तिच्याबरोबर ते जाळेही विरळ होत गेले. याच सुमारास बाजार मात्र उलट दिशेने फुगला आहे. सेलिटा, मियोटा आणि एनएच मशीन घेऊन घड्याळे जुळवणाऱ्या छोट्या भारतीय कंपन्या उभ्या राहिल्या. २०२४च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपीय गटाशी भारताने व्यापारकरार केला, तो १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला, आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. घड्याळे वाढत आहेत आणि उघडणारे हात कमी होत आहेत. दहाव्या वर्षाचा प्रश्न आज विचारायचा तो यासाठी.

मग चावीचे घड्याळ घ्यायचेच कशाला, हा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत जुना. सेलचे साधे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकते, आणि खिशातला मोबाइल तेवढेही नाही. वेळ पाहण्यासाठी यांत्रिक घड्याळाची गरज नाही, हे या पुस्तकाला पूर्ण मान्य आहे. पण क्वार्ट्‌झ सर्किट गेले आणि ते बनणे बंद झाले असले की घड्याळ संपते. साठ वर्षांपूर्वीचे चावीचे मशीन मात्र धुऊन, तेल घालून, एखादे चाक बदलून आजही चालवता येते. यांत्रिक घड्याळाच्या बाजूने तेवढे एकच व्यवहारी कारण उरते. साहजिकच, जे मशीन दुरुस्त होत नाही ते स्विस असो वा जपानी, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला तरी सापडत नाही. सौंदर्य हे वेगळे कारण. मशीनचे भाग धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे पुलांच्या, कडा हाताने घासून चमकवणे, स्क्रूची डोकी निळी करणे, याला किंमत आहे आणि ती आवडीने द्यावी. ती अचूकतेची किंवा टिकाऊपणाची किंमत आहे, असा समज तेवढा करून घेऊ नये. पुनर्विक्रीच्या भावाबद्दल पुस्तकात फार थोडे सापडेल, कारण तो भाव मशीनपेक्षा तबकडीवरच्या नावाचा असतो.

पुस्तकाची मांडणी म्हणूनच देशवार नाही. घड्याळांच्या किमतीच्या पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीवर तिथे भेटणारी जपानी आणि स्विस मशीने समोरासमोर ठेवली आहेत. जाडी, झोके, ताकद किती तास पुरते हे आकडे आहेतच, पण प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले आहेत. हे मशीन सर्वसाधारण हत्यारांनी उघडून जुळवता येते का? त्याचे भाग उत्पादकाबाहेर मिळतात का? आणि ते पूर्ण बदलायचे झाले तर तेवढेच दुसरे बसते का? ज्या मशीनबद्दल तिन्ही उत्तरे नकारार्थी आहेत ती टाळावीत असे लेखक म्हणत नाहीत. ती घेताना कंपनीच्या सेवाकेंद्रावर आयुष्यभर अवलंबून राहायची तयारी असावी, इतकेच. जर्मनीतल्या ग्लासह्यूट गावची आणि चीनची घड्याळे इथे नाहीत. चीनची उणीव मला जाणवते, कारण तिथे एका जुन्या स्विस क्रोनोग्राफची हत्यारे विकत घेऊन ते मशीन अजून बनवले जाते, आणि हत्यारांबरोबर एक रीत दुसऱ्या देशात कशी जाते याचा तो उत्तम नमुना ठरला असता.

शब्दांबद्दल एक खुलासा. ‘मूव्हमेंट’साठी काही ठिकाणी ‘यंत्रणा’, ‘गतियंत्र’ असे शब्द सुचवले गेले होते, पण पुस्तकात शेवटी सगळीकडे ‘मशीन’ हाच शब्द राहिला. घड्याळाची पाठ उघडून, डोळ्याला भिंग लावून आत पाहणारा माणूस ‘मशीन चांगलं आहे’ किंवा ‘मशीन गेलंय’ असेच म्हणतो.